स्टिरिओवाल्याची बायको वायर लावते

४ मार्च, मंगळवार

आज वायर मी लावली. स्टिरिओवाल्याशी संसार करण्यात आयुष्य गेलं, पण वायरीला हात लावायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. बल्ब गेला तरी मी नुसती हाक मारायची आणि हे स्टूल घेऊन यायचे. आता हाक मारून उपयोग नाही.

लेक म्हणते, आई, सगळं माझ्यावर ओतण्यापेक्षा लिहून काढ, डोकं हलकं होईल. म्हणून ही डायरी. बाईसाहेबांना आईचं बोलणं जड व्हायला लागलंय. बरं, लिहिते.

तर डिसेंबरात यांच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली. हात थोडाफार परत आला, कपाचा कान धरतात. वाचा नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मी यांना गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला स्पीच थेरपीला नेते. तिथल्या मॅडमनी धडे रेकॉर्ड करून एका छोट्या प्लेअरमध्ये भरून दिलेत. प्लेअर यांच्याच दुकानातला, काडेपेटीएवढा. मॅडम एक वाक्य म्हणतात आणि थांबतात, त्या रिकाम्या जागेत यांनी ते म्हणायचं. "मला पाणी हवं." थांबा. "खिडकी उघडा." थांबा. घरी कानात इअरफोनची बोंडं घातली की हे काढून ठेवतात आणि उठून गॅलरीत जातात. म्हटलं, गाडीत लावते. पट्टा बांधल्यावर पळणार कुठे?

गाडीतला स्टिरिओ यांनी स्वतः बसवलेला. त्याच्या तोंडाशी एक बारीक भोक आहे, खाली ऑक्स लिहिलंय. दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली वायर दुकानाच्या खोक्यातून आणली होती. एक टोक प्लेअरमध्ये, दुसरं त्या भोकात. आवाज नाही. काढून पुन्हा घातलं, तरी नाही. मी घामाघूम. हे शेजारी बसून बघत होते. मग डाव्या हाताचं बोट पुढे करून यांनी एक बटण दाबलं, रेडिओ गप्प झाला आणि मॅडम बोलायला लागल्या. मला हसू आलं, यांनाही आलं असावं, वाकड्या तोंडाचं काही सांगता येत नाही.

हे गिऱ्हाइकांना सांगायचे ते आठवलं. प्लेअरचा आवाज भरपूर ठेवा, स्टिरिओचा बेताचा, म्हणजे आवाज फाटणार नाही. तसं करून पाहिलं, पण मॅडम फारच पुटपुटतात. स्टिरिओचाही चांगलाच वाढवावा लागला.

वाटेत मॅडम थांबल्या की प्रत्येक वेळी हे तोंड खिडकीकडे वळवत होते. मी रस्ता बघू की यांना बघू? सिग्नलला पाहिलं तर काचेवर वाफेचा ठिपका उमटलेला. विरला, मॅडमचं पुढचं वाक्य झालं, पुन्हा उमटला. उसासे टाकत असणार. शब्द म्हणून एक ऐकू आला नाही.

६ मार्च, गुरुवार

जाताना अर्ध्या वाटेत प्लेअरची बॅटरी मेली. जुनी आहे, तग धरत नाही.

मॅडम हुशार असतील, पण तोंडावर मास्क लावून बोलतात. दुसऱ्यांना बोलायला शिकवायचं आणि आपण फडक्याच्या आड गुणगुणायचं, ही कुठली पद्धत? दोनदा मी "काय?" म्हटलं, तिसऱ्यांदा मान डोलावली. प्रगती आहे असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात. त्यांना तसं म्हणावंच लागतं.

येताना सिगारेट लायटरच्या जागी बसणारा चार्जर घेतला. आता प्लेअर चार्जरला, चार्जर गाडीला, आणि प्लेअर स्टिरिओला. बॅटरीची कटकट संपली. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन यांना दाखवलं, तर यांनी डोळे मोठे केले आणि जोरजोरात मान हलवली. बायको आपल्या धंद्यात शिरली, हे रुचलं नसेल.

दुकानाशेजारचा सीटकव्हरवाला संध्याकाळी फोनवर होता. हा माणूस वाईट नाही. हे पडले तेव्हा आपली गाडी काढून यांना दवाखान्यात घेऊन गेला तो हाच. पण त्याला यांचा गाळा हवाय, आणि डिसेंबरपासून शटर बंद आहे ते त्याला रोज दिसतं. "वहिनी, घाई नाही, पण महिनाअखेर काय ते सांगा." मी म्हटलं, यांना विचारते. आणि मग वाटलं, विचारते म्हणजे काय करते?

११ मार्च, मंगळवार

आज यांनी वायर उपटली.

निघालो तेव्हा ठीक होतं. चार्जर लावला, प्लेअर लावला, मॅडम सुरू झाल्या. मोठ्या रस्त्याला लागून मी वेग घेतला तसं यांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. डोळे मिटले, मान खाली घातली, आणि डावा हात आडवा टाकून स्टिरिओतली वायर खस्सकन काढली. मी पुढच्या सिग्नलला परत लावली. यांनी परत काढली. तिसऱ्यांदा मी डोळे वटारले तर दोन्ही हात कानांवर. बरा हात आणि लुळा हातसुद्धा, कसाबसा उचलून.

लहान मुलासारखं "मला ऐकायचंच नाही" असं करायचं? माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी काय हौस म्हणून ही वरात काढते का? थेरपीला पोहोचेपर्यंत मी काही काही बोलले. आत्ता वाईट वाटतंय.

१३ मार्च, गुरुवार

वायरीवर आडवीउभी चिकटपट्टी मारली. यांनी नखाने सोलली. मग हात चार्जरकडे गेला. त्याच्यात बारा व्होल्ट खेळतात हे यांनीच मला कधीतरी सांगितलेलं, आणि हाताला नीट पकड नाही. मी यांच्या हातावर फटका मारला. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग यांनी हात मागे घेतला. धडा शेवटपर्यंत वाजला. काचेवर वाफ आली नाही, उसासासुद्धा टाकला नाही यांनी. मी जिंकले म्हणायचं का हे? मला रडू येत होतं, पण गाडी चालवायची होती.

१६ मार्च, रविवार

लेक आली होती. आल्या आल्या, "आई, टीव्ही बारीक कर, जिन्यापर्यंत ऐकू येतोय." आजकालच्या मुलांचे कान नाजूक. मग म्हणे, दोनदा बेल वाजवली, शेवटी बाबांनी दार उघडलं. वाजवली असेल, बेलसुद्धा बिघडलीय.

बापलेक गॅलरीत बसले होते. मी चहा घेऊन गेले तर लेक डोळे पुसत हसतेय. "आई, बाबा किती बोलले माहितीये? दुकान नको म्हणाले द्यायला." मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, म्हटलं बोला, मलाही ऐकवा. ओठ हलले, थांबले. काही नाही. लेक म्हणाली, "हे काय, आत्ता म्हणाले की."

मी तिला आत नेऊन समजावलं. म्हटलं, बाळा, माझ्या समाधानासाठी असं करू नकोस. तुझ्या मनात आहे ते तुला त्यांच्या तोंडून ऐकू येतंय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू एकदा..." आणि पुढचं पाठ वळवून नळाखाली कप धुताना बोलली, ते पाण्यात गेलं.

ज्याचं बोलणं मला कळत नाही असं माणूस अजून जन्माला यायचंय. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात मी सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून वर्षानुवर्षं काढली. काचेच्या त्या खणखणाटात देवाचंही ऐकू आलं नसतं. आम्ही बायका या टोकाहून त्या टोकाला नुसत्या ओठांवर गप्पा मारायचो. मुकादम समोर उभा, त्याचीच टिंगल चाललेली, आणि त्याला पत्ता नाही. हे तर पहिल्यापासून दबक्या आवाजात बोलणारे. सासूबाई म्हणायच्या, तुला याचं बोलणं कळतं तरी कसं? मला यांचा एक शब्द कधी चुकला नाही. आता ते ओठच जागेवर राहिले नाहीत. एक बाजू हलते, दुसरी लोंबते. त्या तोंडावर मला काहीच वाचता येत नाही, आणि ही पोरगी म्हणते बाबा बोलले.

२० मार्च, गुरुवार

आज गाडीत यांना स्पष्ट विचारलं. धडा बंद केला, म्हटलं, बघा, तुमचं दुकान बंद पडून आहे. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, हातात स्क्रू धरता येत नाही. सीटकव्हरवाला चांगला माणूस आहे. देऊया का?

वळणावर होते म्हणून मान वळवली नाही. बराच वेळ उत्तराची वाट पाहिली. पुढे सरळ रस्ता आला तेव्हा पाहिलं, तर हे खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर पुन्हा विचारलं, बुटाच्या नाड्या सोडवताना. मी खाली वाकलेली, हे वर. काही उत्तर नाही. मी वर पाहिलं तोवर यांनी डोळे मिटून घेतले होते.

नको असतं तर मान तरी हलवली असती. हो म्हणायला जड जात असेल. माझ्यावर सोडलंय यांनी.

२५ मार्च, मंगळवार

हे लिहू की नको कळत नाही. यांनी मला मारलं.

थेरपीहून येताना बाजाराच्या नाक्यावर मला डावीकडे वळायचं होतं. धडा चालू होता, चार्जर लावलेला, हे डोळे मिटून सहन करत बसलेले. मी वळायला घेतलं आणि यांनी डाव्या हाताने माझ्या दंडावर सणसणीत रट्टा दिला. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी दचकून ब्रेक दाबला. तेवढ्यात डाव्या बाजूने एक सायकलवाला बॉनेटला घासून पुढे गेला. नशीब बलवत्तर. मी दचकले नसते तर तो चाकाखाली होता.

सायकलवाल्याने काचेवर मूठ आपटली. काच खाली केली तर म्हणतो, "बाई, कधीचा घंटी वाजवतोय, कान आहेत की भोकं?" घंटी मुळीच वाजवली नव्हती. लोक खोटं बोलताना जरासुद्धा लाजत नाहीत.

दंड काळानिळा झालाय. या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही, हात तर दूरच. वाचलंय मी कुठेतरी, मेंदूला मार बसला की स्वभाव उलटा होतो. मला आता एकटीला यांची भीती वाटायला लागली तर काय करू? आणि ही भीती लेकीला सांगू कुणाच्या तोंडाने? यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्या दंडाकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले. मी पाठ फिरवली.

२९ मार्च, शनिवार

दुकानाची किल्ली दिली.

सीटकव्हरवाला खालीच आला होता, गाडीपाशी. कागदपत्रं पुढच्या महिन्यात करू म्हणाला, तोवर आत माल ठेवतो. हे वर झोपले होते. मी विचार केला, उठवून काय होणार, तेच ओठ, तेच डोळे. मंगळवारच्या रट्ट्यानंतर माझाही धीर खचलाय. मी सगळं एकटीने ठरवायचं आणि एकटीने निभवायचं, तर निदान एक ओझं कमी.

त्याला नाक्यापर्यंत सोडलं, भाजी आणायचीच होती. चावी फिरवल्याबरोबर धडा सुरू झाला. तो म्हणाला, "वहिनी, ही शिट्टी कसली वाजतेय?" मी म्हटलं कसली शिट्टी? "अहो ही काय. गाडी पळवली की चढतेय. दादा असते तर अख्खा डॅशबोर्ड खोलून बसले असते." मी म्हटलं, काही नाही, जुनी गाडी आहे. मला तर काही ऐकू आलं नाही. किल्ली हातात पडली तरी खोड काढायची सवय जात नाही माणसाची.

वर आले तर हे जागे होते, खुंटीकडे बघत होते. दुकानाची किल्ली तिथे असायची. मी म्हटलं, तुम्हाला विचारलं होतं मी. दोनदा विचारलं होतं.

१ एप्रिल, मंगळवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

मॅडमना आज सांगायचंच ठरवलं होतं. यांच्यासमोरच म्हटलं, हे मला मारायला लागलेत, ऐकायचं नसलं की वायरी उपटतात, औषध बदला. दंड दाखवला. मॅडमनी यांच्याकडे वळून विचारलं, आणि यांचे ओठ हलले. बराच वेळ हलले. मॅडम माझ्याकडे वळल्या, काहीतरी पुटपुटल्या.

मी म्हटलं, तो मास्क काढा हो एकदा, मला काही कळत नाही तुमचं.

त्यांनी काढला. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच तरुण आहेत. म्हणाल्या, "काकू, आत्ता काका काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"काय म्हणणार? ओठ हलवले."

"ते म्हणाले, सायकल. घंटी. तिला ऐकू नाही."

मी हसले. खरंच हसले मी. मॅडम उठल्या आणि माझ्या मागून दाराकडे गेल्या. फाइल आणायला गेल्या असतील म्हणून मी वाट पाहत बसले. खोलीत शांत होतं. हे मात्र माझ्याकडे बघत होते. दवाखान्यात पहिल्या दिवशी मी यांच्याकडे जशी बघत होते तसे. मी मागे वळले तर मॅडम माझ्या खुर्चीच्या मागेच उभ्या होत्या आणि बोलत होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या कधीपासून बोलत होत्या कुणास ठाऊक.

मग त्यांनी समोर बसून सावकाश सांगितलं. फेब्रुवारी संपता संपता यांना दोन-दोन, तीन-तीन शब्द जमायला लागले. आवाज बारीक आहे, शेवटची अक्षरं गिळतात, पण शब्द बरोबर असतात. "मी तुम्हाला दर वेळी सांगत होते काकू. तुम्ही मान डोलवायचात. मला वाटलं, घरी बोलणं चालू असेल."

३ एप्रिल, गुरुवार

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कानाचा दवाखाना आहे. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिल्यांदा काही आले, दाबलं. मग येणंच बंद झालं. मशीन बिघडलं म्हणून मी काचेवर टकटक केली. बाहेरच्या मुलीने हाताने खूण केली, बसा, चालू आहे.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. सुरुवातीला सरळ जाते आणि मग एकदम खाली. म्हणाले, जाडे आवाज येतात तुम्हाला, म्हणून बहिरेपण कळत नाही. बारीक आवाज गेले. डावा कान जास्त. कुठे काम करत होतात? मी म्हटलं, बाटल्या. त्यांनी मान डोलावली. ओठ वाचून इतकी वर्षं निभावलंत म्हणाले. मग यांच्या तोंडाकडे बघितलं आणि कागद मिटला.

गाडीत हे माझ्या डावीकडे बसतात.

मशीन बसवायला पुढच्या गुरुवारी बोलावलंय. काचेवरची ती वाफ मला दिसते. लेक गॅलरीत काय म्हणाली तेही मला पाठ आहे. यांना कागद-पेन द्यावं आणि विचारावं, एवढं सोपं आहे, डावा हात चालतो. पण मला कागदावर नको आहे. आणि खरं सांगायचं तर विचारायची छातीच होत नाही, कारण किल्ली देऊन झालीय. स्वयंपाक करताना आज दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा हे बोलत होते की नुसतेच बसले होते, ते मला कळलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

मशीन घातलं. शेंगदाण्याएवढं आहे, कानामागे बसतं.

पहिल्यांदा माझी साडीच बोलायला लागली. चालले की सळसळते. किल्ल्यांचा जुडगा किणकिणतो. गाडीत बसले तर कुठेतरी टिकटिक, मी घाबरले. हे हसले आणि इंडिकेटरकडे बोट दाखवलं. हसण्यालाही आवाज आहे यांच्या, घशातून येतो, थोडा खरखरीत.

सवयीने मी चार्जर लावला, वायर लावली. गाडी सुरू केली.

आणि ते ऐकू आलं. मॅडमच्या बोलण्याच्या वर, बारीक, धारदार, चिं करून. पाय दाबला तशी ती वर चढली, सोडला तशी उतरली. दातांत सुई फिरवावी असं. दोन चौक गेले आणि मला सहन होईना. मी गाडी कडेला घेतली.

"हे रोज असंच वाजत होतं?"

यांनी मान डोलावली.

"धड्याचं काही नव्हतं? ही शिट्टी होती?"

ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीतली एवढीशी घरघर घालवायला रविवार रविवार घालवले, त्याला मी या आवाजात पट्ट्याने बांधून फिरवलं. वर त्याच्या हातावर फटका मारला.

हे म्हणाले, "चार्जर." मग थोडं थांबून, "काढ."

मी चार्जर उपसला. शिट्टी गेली. मॅडम म्हणाल्या, "खिडकी उघडा," अगदी स्वच्छ, आणि थांबल्या. मी प्लेअरही बंद केला. हातरुमाल शोधायला पर्स उघडली तर तिची चेनसुद्धा किंचाळली.

मग मी विचारलंच. यांच्याकडे पूर्ण वळून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "दुकान देऊया का?"

यांनी श्वास घेतला. ओठांची एक बाजू हलली, दुसरी नाही. मी ओठांकडे बघायचं सोडून यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"किती वेळा," हे म्हणाले. थांबले. "सांगू तुला."

आवाज बारीक झालाय. पूर्वीचा नाही राहिला, पण यांचाच आहे, कुठेही ओळखला असता.

"नको देऊ," हे म्हणाले.

मी गाडी सरळ दुकानाकडे घेतली. रडत चालवायला नको खरं तर, पण चालवली.

शटर वर होतं. आत रेक्झिनचे गठ्ठे रचलेले, यांची पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली. सीटकव्हरवाला पुढे आला, यांना हात देऊन उतरवलं, आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, आज कसं काय येणं केलंत?"

सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. चुकलं, माफ करा, असं असं झालं, मला ऐकू येत नव्हतं, तुमचे गठ्ठे हलवायला मी माणसं लावते. मी म्हटलं, "मला नाही. यांना विचारा."

त्याने यांच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटलं. एवढा वेळ गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही. रस्त्यापलीकडे कुणीतरी फरशीवर झाडू मारत होतं, तेही ऐकू येत होतं.

"दुकान," हे म्हणाले. आणि मग बराच वेळ काहीच नाही. सीटकव्हरवाला अवघडला, वाक्य पुरं करून द्यायला त्याने तोंड उघडलं. मी हाताने थांबवलं.

"माझं आहे. किल्ली दे."

त्याचा चेहरा पडला. वहिनी, तुम्हीच तर दिलीत, असं तो म्हणाला नाही. खिशातून किल्ली काढून त्याने यांच्या डाव्या हातात ठेवली आणि गठ्ठ्यांकडे बघत म्हणाला, "दादा, तुम्ही बोलता हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

परत निघालो तेव्हा प्लेअर लावला नाही. यांनी काच थोडी खाली केली होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. फेब्रुवारी संपल्यापासून. मी भाजी चिरत होते तेव्हा, मी नाड्या सोडत होते तेव्हा, मी पाठ फिरवली होती तेव्हा. या माणसाने मला काय काय सांगितलं असेल?

सिग्नलला मी विचारलं. म्हटलं, दुकानाचं कळलं. सायकलचं कळलं. आणखी काय बोलत होता तुम्ही माझ्याशी? आता सांगा, मी ऐकते.

यांनी विचार केला. खरोखर आठवून पाहत होते, कपाळावर आठ्या आल्या होत्या. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, ती मला ऐकू येत होती, पण मी हलले नाही.

"बरंच होतं," हे म्हणाले. मग खिडकीकडे बघून, "आता नाही आठवत."